हातोहात फिरणारा संगणक

२०११च्या ऑगस्ट महिन्यात ॲपलने लावलेल्या दाव्याला उत्तर देताना सॅमसंग कंपनीने अमेरिकेतल्या एका न्यायालयात चक्क एका चित्रपटातला प्रसंग पुराव्यादाखल पुढे केला. चित्रपट स्टॅन्ली कुब्रिकचा, ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’, १९६८ सालचा. त्यात दोन अंतराळवीर जेवता जेवता टेबलावर ठेवलेल्या सपाट, पातळ पाट्यांवर दूरचित्रवाणीचा कार्यक्रम पाहतात. सॅमसंगचा मुद्दा असा की, टॅब्लेटचे हे रूप चार दशकांपूर्वीच लोकांनी पडद्यावर पाहिलेले आहे. मग त्याच्यावर ॲपलचा हक्क कसा? विज्ञानकथा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली ती अशी.

बातमी वाचून मला गंमत वाटली आणि थोडे वाईटही वाटले. न्यायालयाला एवढाच प्रश्न विचारणे भाग होते, पण आपण वाचक आणि समीक्षकही विज्ञानकथेला दुसरे काही विचारत नाही. तू सांगितलेस ते खरे झाले का, एवढेच. ‘स्टार ट्रेक’ने मोबाइल आधीच दाखवला होता, टॅब्लेट आधीच दाखवला होता, असा लेख रविवारच्या पुरवण्यांत अधूनमधून येतोच. मराठीत ही सवय जास्त घट्ट आहे आणि तिला कारणही आहे. १९७४ साली जयंत नारळीकरांनी टोपणनावाने पाठवलेली ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली आली. आपली विज्ञानकथा बऱ्याच अंशी विज्ञानप्रसाराच्या मांडवाखाली वाढली. त्यातून चांगल्या कथा मिळाल्या, यात वाद नाही. पण समीक्षेची फूटपट्टी त्यामुळे परीक्षकाच्या हातात राहिली. विज्ञान बरोबर आहे ना, भाकीत खरे ठरले ना, मग द्या गुण.

‘स्टार ट्रेक’च्या विश्वातल्या हातात मावणाऱ्या संगणकांची टिपणे मी बरीच वर्षे काढतो आहे. ते संगणक आपल्या टॅब्लेटसारखे दिसतात, हे मला त्यांतले सर्वांत कमी महत्त्वाचे वाटते. ते आपल्या टॅब्लेटसारखे वागत नाहीत, हे पाहण्यासारखे आहे, आणि त्याकडे फारसे कुणी पाहिलेले नाही.

माझा या विषयाशी संबंध कुठल्या विद्यापीठातून आलेला नाही. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी मूळ मालिका लागत असे. शेजाऱ्यांच्या कृष्णधवल संचासमोर सतरंजीवर बसून ती पाहताना इंग्रजी निम्मे कळत नसे. त्यामुळे माणसे हातांनी काय करतात, याकडेच जास्त लक्ष जाई. पुढे केबल आली, मग डीव्हीडी आल्या, वह्या भरत गेल्या. नोकरी मात्र एका सरकारी कचेरीच्या बारनिशीत झाली, आणि या लेखातला मुख्य मुद्दा मला तिथेच सुचला.

आधी ट्रायकॉर्डर. मूळ मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि तीन हंगामांत ७९ भाग होऊन १९६९ मध्ये थांबली. तिच्यातला ट्रायकॉर्डर म्हणजे खांद्याला पट्ट्याने लटकवायची काळी पेटी. वर उघडणारे झाकण, त्यात बोटभर पडदा. ती वाह चांग या कलावंताच्या हातची. टिपणे, नोंदवणे आणि हिशेब मांडणे ही तीन कामे ती करते म्हणून हे नाव. ज्या काळात ही पेटी पडद्यावर आली त्या काळात खरा संगणक खोली व्यापत होता. चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानासाठी मुद्दाम लहान केलेला संगणकही सुमारे ३२ किलो वजनाचा होता. तेव्हा खांद्याला लटकवलेला संगणक ही झेप होती, हे मान्यच.

पण त्या पेटीने काय केले ते पाहावे. १९६७च्या ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ या भागात कॅप्टन कर्क आणि स्पॉक काळाच्या दारातून १९३० सालच्या न्यूयॉर्कमध्ये येतात. त्यांच्या आधी दारातून गेलेल्या डॉक्टर मॅकॉयच्या हातून इतिहासात काहीतरी बिघडले आहे. काय बिघडले, ते स्पॉकच्या ट्रायकॉर्डरमध्ये नोंदलेले आहे, पण वाचता येत नाही. नोंद झाली भराभर, ती सावकाश उलगडून दाखवील असा यानावरचा मोठा संगणक आता हाताशी नाही. मग दोघे एडिथ कीलर या बाईंच्या अन्नछत्रात झाडलोट करून चार पैसे मिळवतात. त्या पैशांतून स्पॉक रेडिओचे सुटे भाग आणतो आणि भाड्याच्या खोलीत तारांचे जंजाळ उभे करतो. शेवटी त्या बोटभर पडद्यावर काय उमटते? वर्तमानपत्राचे पान. एका पानात एडिथ १९३६ साली राष्ट्राध्यक्षांना भेटते आहे, दुसऱ्यात १९३० सालीच रस्त्यावरच्या अपघातात तिचा मृत्यू झालेला आहे. यांतले एकच खरे राहू शकते, आणि कर्कचे तर तिच्यावर प्रेम बसले आहे.

दोन गोष्टी मी इथे वहीत अधोरेखित केल्या होत्या. एक, ही पेटी एकटी अपुरी आहे. ती यानाची दूरवर पोचलेली बोटे आहे. दुसरी, तेविसाव्या शतकातल्या यंत्रावर सर्वांत भयंकर माहिती येते ती छापील कागदाच्या रूपाने. कर्कला ती वाचताना पाहिले की अंगावर काटा येतो तो यंत्रामुळे नव्हे. मृत्यूची बातमी वाचणारा माणूस आपण ओळखतो.

कागदाचा हा धागा पुढे कुठेही तुटत नाही. मूळ मालिकेतच कर्क खुर्चीत बसलेला असताना त्याच्यासमोर एक जाड, उतरत्या पाठीची विजेवर चालणारी पाटी धरली जाते. तो ओझरते वाचतो, लेखणीने सही करतो, पाटी परत देतो. वाक्य तोडावे लागले तरी सही होतेच. हे दृश्य मला शाळकरी वयात कंटाळवाणे वाटे. कचेरीत लागल्यावर पुन्हा पाहिले तेव्हा हसू आले. आमचे साहेब फोनवर बोलता बोलता अगदी अशीच सही करत, आणि शिपाईही त्या पोरीसारखाच मान न हलवता उभा असे.

१९८७ साली ‘द नेक्स्ट जनरेशन’ सुरू झाली आणि त्या जाड पाटीची पातळ पाटी झाली. तिचे नाव पॅड. हा आपल्याकडचा लिहायचा पॅड नव्हे. इंग्रजीत त्याच्या शेवटी दोन डी आहेत, कारण ते ‘पर्सनल ॲक्सेस डिस्प्ले डिव्हाइस’चे संक्षिप्त रूप आहे. या मालिकेतले पडदे आणि नियंत्रणफलक मायकेल ओकुडा यांच्या कल्पनेतले. गुळगुळीत काळी काच, तिच्यावर रंगीत पट्ट्या, एकही बटण नाही. आज हे भविष्यवेधी वाटते. मुळात कारण पैशांचे होते. खरी बटणे आणि लुकलुकणारे दिवे शेकड्यांनी बसवायचे म्हणजे खर्च फार. त्यापेक्षा चित्र छापलेली पारदर्शक फिल्म लावून मागून दिवा सोडला की काम स्वस्तात होते. हातातला पॅड तर बहुतेक वेळा निव्वळ रंगवलेला तुकडा. काटकसरीतून आलेल्या या रूपाचे पुढे खऱ्या उत्पादकांनी काय केले ते सर्वांपुढे आहे. भाकीत म्हणून ज्याचा गौरव होतो, त्यातला बराच भाग नेपथ्यकाराच्या अंदाजपत्रकातून निघतो, एवढे नोंदवून पुढे जातो.

खरी गंमत पॅडच्या वापरात आहे. कॅप्टन पिकार्डच्या दालनात अधिकारी येतो, पॅड हातात देतो, पिकार्ड वाचतो, टेबलावर ठेवतो. दुसरा येतो, दुसरा पॅड देतो. ‘डीप स्पेस नाइन’ आणि ‘व्हॉयेजर’ या पुढच्या मालिकांत तर काम तुंबले आहे हे दाखवायचे असले की टेबलावर पॅडची चळत रचलेली दिसते. रसिकांनी यावर भरपूर विनोद केले आहेत. एका पॅडमध्ये अख्खे ग्रंथालय मावत असताना दहा पॅड कशाला? अहवाल पाठवायचा तर एका यंत्रातून दुसऱ्यात पाठवा की! ओकुडा आणि रिक स्टर्नबाख यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक पुस्तिकेत तर असे म्हटले आहे की, नीट जुळणी केली तर बोळातून चालता चालताही पॅडवरून अख्खे यान हाकता यावे. असे यंत्र आणि त्याची चळत!

विनोद रास्त आहे. पण मी बारनिशीत बसणारा माणूस. माझ्या टेबलावर आवक येई, नोंद होई, जावक जाई. फाइल म्हणजे तिच्यातला मजकूर नव्हे. ती कुणाच्या टेबलावर आहे, कुणी कुणाला दिली, कुणी दाबून ठेवली, यावर सारी कचेरी चालते. संगणक आले तेव्हा आम्हाला सांगण्यात आले की आता फायली फिरणार नाहीत. फायली थांबल्या खऱ्या, पण त्याबरोबर एकमेकांच्या टेबलाशी जाणेही थांबले. पॅडची चळत पाहताना मला चूक दिसत नाही, फाइल दिसते. एक पॅड म्हणजे एक काम. ते आणणारा माणूस समोर उभा असतो, वाचणाऱ्याचा चेहरा पाहत असतो. दिग्दर्शकालाही हेच हवे. जुन्या नाटकात पत्र घेऊन येणारा नोकर जे काम करत असे, ते इथे पॅड करतो. पत्र आपोआप टेबलावर उमटले असते तर नोकर प्रवेश करता ना, आणि नाटककाराचा एक प्रवेश बुडता.

आता त्या नावाकडे पुन्हा जाऊ. ‘पर्सनल’ हा शब्द नावात सर्वांत पुढे आहे, आणि वापरात तो जवळजवळ कुठेच नाही. कुणी पॅड खिशात घालून फिरत नाही. माझा पॅड कुठे गेला म्हणून शोधत नाही. तो जिथे असेल तिथून उचलतात, काम झाले की ठेवून देतात. पिकार्डची खासगी वस्तू कोणती, तर त्याच्या दालनात ठेवलेला शेक्सपिअरचा जाडजूड छापील ग्रंथ. मूळ मालिकेतल्या ‘कोर्ट मार्शल’ या १९६७च्या भागात कर्कचे वकीलपत्र घेणारा सॅम्युएल कॉग्ली कागदी पुस्तकांचे ढीग घेऊनच येतो. संगणकाची नोंद कर्कला दोषी ठरवते आहे, आणि ती नोंद खोटी पाडावी लागते. या विश्वात प्रेम पुस्तकावर करतात. हातातला संगणक हा कामाचा, सगळ्यांचा, म्हणजे कुणाचाच नाही.

अपवाद आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ‘डीप स्पेस नाइन’मधला जेक सिस्को हा कमांडरचा मुलगा लेखक होऊ पाहतो. १९९६च्या ‘नॉर द बॅटल टू द स्ट्राँग’ या भागात तो युद्धाची बातमी लिहायला म्हणून जखमींच्या तळावर जातो आणि तोफांचा मारा सुरू झाल्यावर सोबत्याला सोडून पळतो. नंतर तो हे सारे खरे खरे लिहितो. शेवटी त्याचा बाप ते वाचतो. इथे मजकूर पूर्णपणे खासगी आहे, कुठल्याही अहवालापेक्षा खासगी. तरी त्याचे सार्थक होते ते बापाच्या हाती गेल्यावर. म्हणजे अपवादातही पॅड द्यायचीच वस्तू राहते.

मालकीचा हा प्रश्न मालिकेने नकळत हाताळला असे म्हणावे, तर १९८९चा ‘द मेझर ऑफ अ मॅन’ हा मेलिंडा स्नॉडग्रास यांनी लिहिलेला भाग आडवा येतो. डेटा हा अधिकारी यंत्रमानव आहे. हातात मावणारा नसला तरी हिंडणारा-फिरणारा संगणक तोच. ब्रूस मॅडॉक्स नावाच्या शास्त्रज्ञाला त्याचे भाग सुटे करून अभ्यास करायचा आहे. डेटा नकार देतो. मॅडॉक्स विचारतो, यानाच्या संगणकाने दुरुस्तीला नकार दिला तर तुम्ही ऐकून घ्याल का? सुनावणीत डेटाची क्षमता सांगितली जाते. साठवण आठावर सतरा शून्ये इतके बिट, वेग सेकंदाला ६० लाख कोटी क्रिया. आज खेळांसाठी विकत मिळणारे एखादे महागडे ग्राफिक्स कार्ड या वेगाच्या पुढे गेले आहे. भाकिताच्या फूटपट्टीने मोजले तर डेटा कालबाह्य झाला. पुढे मालिकाकारांनी ‘क्वाड’ नावाचे एकक वापरायला सुरुवात केली आणि एक क्वाड म्हणजे किती हे मुद्दाम कधीच सांगितले नाही, ते या भीतीनेच. पण सुनावणीतला प्रश्न आकड्यांबरोबर जुना होत नाही. डेटा कुणाचा? आरमाराची मालमत्ता, की स्वतःचा? निर्णय देणारी अधिकारी त्याला निवडीचे स्वातंत्र्य देते, आणि ते देताना आपल्याला सगळी उत्तरे माहीत नाहीत हेही कबूल करते. नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’च्या वाचकाला हा प्रश्न परका वाटणार नाही.

तेव्हा या विश्वात ट्रायकॉर्डर यानाचा, पॅड सगळ्यांचा, डेटा स्वतःचा. ‘माझा’ संगणक कुठेच नाही. पैशांची देवघेव नसलेल्या समाजाचे हे चित्र आहे, हे त्याचे एक कारण. पण मालिकाकारांना ‘माझा’ संगणक सुचलाच नाही असे मात्र म्हणता येत नाही. एकदा सुचला होता, आणि तो भाग माझ्या वहीत सर्वांत जास्त पाने खाऊन बसला आहे.

१९९१च्या ऑक्टोबरमध्ये दाखवलेला ‘द गेम’. समीक्षक या भागाला फार मान देत नाहीत. कथा सरधोपट आहे, शेवट तर घाईघाईत गुंडाळलेला. पहिला अधिकारी रायकर रायसा या सहलीच्या ग्रहावरून सुटी घालवून परततो. येताना एका मैत्रिणीने दिलेली वस्तू आणतो. डोक्याला अडकवायचा एक हलका सांगाडा, डोळ्यांपुढे एक खेळ. तबकडी नरसाळ्यात पाडायची, की मेंदूला सुखाची एक लहर. पुढची पातळी, पुन्हा लहर. रायकर तो कुणावर लादत नाही. करून बघ, मजा येते, एवढेच म्हणतो. तोही करून बघतो, तीही करून बघते. हळूहळू जेवणाच्या टेबलावर, बोळात, कामाच्या जागी प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आपापला खेळ. यान चालू आहे, माणसे हसतमुख आहेत, फक्त एकमेकांकडे कुणी पाहत नाही. सुटीवर आलेला तरुण वेस्ली आणि रॉबिन लेफलर ही मुलगी प्रयोगशाळेत तपासून पाहतात, तेव्हा कळते की हा खेळ विचारशक्तीवरच काम करतो. वेस्ली विश्वासाने पिकार्डकडे जाऊन सांगतो. तो गेल्यावर पिकार्ड तोच सांगाडा काढून डोक्याला लावतो.

मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. वेस्लीला खेळ देऊ करते ती त्याची आई, यानावरची डॉक्टर. ज्या अधिकाऱ्यावर या खेळाचा परिणाम होणार नाही त्या डेटाला आधीच तिने बंद करून टाकलेले आहे. आणि ती मुलाला खेळ देते ती प्रेमाने, गोडाचे ताट पुढे करावे तसा. कट परक्यांचा आहे, पण हातोहात पसरतो तो आपल्या माणसांकडून. म्हणजे पॅड जसा फिरत होता तसाच हा खेळही फिरतो. फरक इतकाच की पॅड वाचून परत द्यायचा असतो. हा परत देता येत नाही. घेतला तो प्रत्येकाचा स्वतःचा होऊन बसतो. ‘एंटरप्राइज’वर आलेले पहिले खऱ्या अर्थाने वैयक्तिक यंत्र हे असे.

टॅब्लेटचे श्रेय पॅडला देणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. ते ‘द गेम’चे नाव सहसा घेत नाहीत, कारण त्या खेळाचा आकार आपल्या हातातल्या कशासारखाच नाही. डोक्याला लावायचा सांगाडा, तोही जरा हास्यास्पद दिसणारा. आकारावरून शोध घेणाऱ्याला तो दिसणारच नाही. ट्रायकॉर्डरचे असेच झाले. २०१२ साली त्याच्या नावाने एक कोटी डॉलरची स्पर्धा जाहीर झाली. अट अशी की, रोगनिदान करणारे, पाच पौंडांहून हलके यंत्र सामान्य माणसाला वापरता आले पाहिजे. २०१७ साली निकाल लागला तेव्हा दोन गटांना बक्षिसे मिळाली, पण सगळ्या अटी कुणालाच पुऱ्या करता आल्या नाहीत. स्पर्धा चांगलीच होती. पण ट्रायकॉर्डर हे नाव घेताना भाड्याच्या खोलीत त्या पेटीकडे पाहणारा कर्क कुणाला आठवला असेल, असे मला वाटत नाही.

मागच्या पावसाळ्यात वह्या आवरताना ‘द गेम’ पुन्हा पाहिला. शेवटाकडे वेस्ली पळतो, पकडला जातो, त्याला नियंत्रणकक्षात खुर्चीत बसवून पापण्या ओढून धरतात. इतक्यात पुन्हा सुरू केलेला डेटा येतो. त्याच्या हातात लखलखणारा एक दिवा आहे. तो प्रत्येकाच्या डोळ्यांवर झोत टाकत जातो आणि माणसे एकेक करून भानावर येतात, डोळे मिचकावतात, शेजारी कोण उभे आहे ते पाहतात. मी तिथे यंत्र थांबवले आणि चित्र नीट पाहिले. नियंत्रणकक्षात कुणाच्याही हातात पॅड नाही.